कोलोंबचे मैदान

मैदानाला कुलवृत्तांत नसतो. घराण्याला असतो, देवळाला असतो, एखाद्या जुन्या विहिरीलाही असतो; पण मैदान म्हणजे काय, तर मोकळी जमीन! खेळ संपला, माणसे घरी गेली, की तिला कशाचीच आठवण उरत नाही, असे आपण धरून चालतो. म्हणूनच पॅरिसच्या वायव्येला, सीन नदीच्या वळणात वसलेल्या कोलोंब गावच्या क्रीडांगणाची हकीकत मला मोठी नवलाची वाटते.

मूळची ही घोड्यांची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे शर्यती चालत. १९०७ साली ‘ल मातँ’ या वर्तमानपत्राने ती हाती घेतली आणि घोड्यांच्या जागी माणसे धावू लागली. पुढे तेथे ‘रेसिंग क्लब’ आला. १९२४ चे ऑलिंपिक पॅरिसला भरायचे ठरले, तेव्हा मोठे क्रीडांगण बांधण्यासाठी पैसा सोडायला पॅरिसची नगरपालिका का-कू करू लागली. रेसिंग क्लब म्हणाला, आम्ही बांधतो. तिकिटांच्या उत्पन्नातला निम्मा वाटा तेवढा आमचा. झाले! लग्न पॅरिसचे, पण मांडव पडला कोलोंबच्या दारात. लुई फोर-द्युजारिक या वास्तुशिल्पज्ञाने प्रेक्षागार उभारले आणि मध्ये ५०० मीटरची धावपट्टी आखली.

त्या उन्हाळ्यात या मैदानाने काय पाहिले नाही? फिनलंडचा पावो नुर्मी १० जुलैला १५०० मीटरची शर्यत जिंकला आणि दोन तासांच्या आत पुन्हा उभा राहून ५००० मीटरचीही जिंकला. दोनच दिवसांनी रानावनातून धावण्याची शर्यत झाली. ऊन असे, की निघाले ३८ आणि परतले १५! पहिला अर्थात नुर्मीच. एरिक लिडेल या स्कॉटिश तरुणाने रविवार हा देवाचा वार म्हणून १०० मीटरच्या शर्यतीवर पाणी सोडले आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक पटकावले. फुटबॉलमध्ये तर महासागर ओलांडून आलेल्या उरुग्वेने अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-० असे हरवून साऱ्या युरोपला तोंडात बोट घालायला लावले.

त्या गर्दीत आपलीही माणसे होती बरे का! दलीप सिंग लांब उडी मारायला गेला होता, तर नोरा पॉली ही हिंदुस्थानच्या वतीने टेनिस खेळायला उतरली होती. या धाग्याचे मागचे टोक शोधू लागले तर ते पुण्यात सापडते. डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली झालेल्या शर्यती सर दोराबजी टाटांनी पाहिल्या आणि ही मुले ऑलिंपिकला गेली पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली पहिला चमू अँटवर्पला गेला, दुसरा कोलोंबला.

मैदानाला आज जे नाव आहे ते मात्र विजेत्याचे नाही. इव्ह द्यू मान्वार हा फ्रान्सचा रग्बीपटू होता, सैन्यातला वैमानिकही होता. २ जानेवारी १९२८ रोजी कोलोंबला फ्रान्स आणि स्कॉटलंड यांचा सामना होता. त्यासाठी त्याची निवड झाली नव्हती. त्याच दिवशी त्याचे विमान कोसळले आणि तो गेला. वय अवघे तेवीस. त्या वर्षीच मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. ज्या दिवशी तो तेथे खेळला नाही, त्या दिवसाने त्याला तेथे कायमचा ठेवला.

१९३८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच झाला. १९ जूनला इटलीने हंगेरीला ४-२ असे नमवले. त्याच्या आदल्या रविवारी याच मैदानावर इटालियन संघ यजमान फ्रान्सविरुद्ध काळे सदरे घालून उतरला होता, मुसोलिनीच्या पक्षाचा रंग अंगावर मिरवीत. खेळाच्या अंगणात असली सावली शिरली की पुढचे दिवस सांगून येत नाहीत. सव्वा वर्षाने, सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू झाले आणि फ्रान्समधल्या जर्मन व ऑस्ट्रियन लोकांना याच प्रेक्षागारात कोंडण्यात आले. त्यांत हिटलरच्या तावडीतून पळून आलेलेच कितीतरी होते. वॉल्टर बेंजामिन हा थोर लेखक त्यांतलाच एक. टाळ्या वाजवण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवर ही माणसे दिवस मोजीत बसली.

युद्ध सरले, पुन्हा सामने सुरू झाले. पण १९७२ साली पॅरिसमध्ये ‘पार्क दे प्रँस’ नव्याने बांधून उघडले आणि कोलोंबची रया गेली. मोठे सामने तिकडे गेले. इकडे सिमेंटच्या पायऱ्यांना भेगा पडल्या, काही भाग पाडावेही लागले. रेसिंगचे रग्बीवाले २०१७ पर्यंत टिकून होते, मग तेही गेले. नशीब तरी कसे पहा! १९८१ साली या मैदानावरचे प्रसंग असलेले दोन गाजलेले चित्रपट आले. ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधले कोलोंब इंग्लंडमध्ये उभे केले होते, ‘एस्केप टू व्हिक्टरी’मधले बुडापेस्टमध्ये. वधूच्या जागी भलत्याच मुलीचा फोटो दाखवावा, तशातली गत.

आणि मग २०२४ चे ऑलिंपिक पॅरिसला आले. बरोबर शंभर वर्षांनी! जुने सगळे पाडून चकचकीत काहीतरी उभारणे सोपे होते. फ्रेंचांनी तसे केले नाही. १९२४ चे प्रेक्षागार ठेवले, दुरुस्त केले. शेजारी हॉकीची दोन नवी मैदाने घातली, नवी इमारत बांधली. ऑलिंपिक संपल्यावर क्लबांना आणि शाळकरी मुलांना तेथे खेळता यावे, हा हिशेबही आधीच करून ठेवला.

त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे भाऊ आमच्या जुन्या वाड्यात जमलो होतो. विषय एकच : वाड्याचे काय करायचे? मुंबईचा विनू म्हणत होता, “आप्पा, पाडून टाकू. मागच्या भिंतीला पोट आले आहे, जिना हलतो. कुणाच्या अंगावर पडले तर?” आप्पा, आमचे थोरले बंधू, आढ्याकडे पाहत गप्प. शब्दाला शब्द वाढू लागला तशी मुलांनी दूरदर्शनसंचाचा आवाज वाढवला. कोलोंबला भारत आणि स्पेन यांचा कांस्यपदकाचा सामना चालू होता. स्पेनचा गोल आधी झाला आणि सगळे हळूहळू तिकडे वळले. मग हरमनप्रीत सिंगने एक फेडला, दुसरा चढवला. २-१! गोलरक्षक श्रीजेशचा तो अखेरचा सामना. शेवटच्या मिनिटांत तो असा उभा होता, की आप्पासुद्धा खुर्ची सोडून उठले.

जिंकल्यावर मी विनूला या मैदानाची कुंडली सांगितली. तो इंजिनिअर, त्याला भावनेपेक्षा भिंत जास्त कळते. त्याने विचारले, “म्हणजे जे तोलून धरील ते ठेवले आणि जे पडेल ते काढले?” मी म्हटले, “तेवढेच.” तो उठला आणि विजेरी घेऊन वाडा पाहत फिरला. तासाभराने येऊन म्हणाला, “आप्पा, पुढचा सोपा आणि दिंडी दरवाजा अजून शंभर वर्षे हलत नाहीत. मागचे मात्र काढावेच लागेल.”

आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. मागच्या खोलीतच आईने आम्हा सर्वांना अक्षरे शिकवली होती. पण आपल्या हट्टापायी उद्या एखाद्या नातवाच्या अंगावर ती भिंत आली तर, हेही त्यांना दिसत होते. चार दिवसांनी त्यांनी विनूला फोन केला आणि एकच अट घातली : नव्या बांधकामातही त्या जागी मुलांचीच खोली हवी.

सध्या मागे काम चालू आहे. सोप्यावर वाळूचे ढीग आहेत, आणि त्यांतून वाट काढीत दोन्ही घरची मुले दिंडी दरवाजाला आकाशकंदील बांधत आहेत.