दाराचे रबर

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला सांगलीहून साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा आबांच्या गॅरेजमध्ये एका निवृत्त हेडमास्तरांची १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी उभी होती. ही गाडी काढणारी कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचेच नाव आहे. मी तेथे जावे अशी आबांची फार इच्छा होती. मी मात्र मराठी घेऊन बी. ए.ला आलो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

गाडीच्या दारांचे रबर उन्हाने कडक होऊन चिरले होते. अशा फटींतून पाणी आत येते, मॅटखाली साचते आणि पत्रा गंजतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी चारही दारांचे रबर बदलायचे होते. "येताना १४ मीटर बीडिंग घिऊन ये," असे आबांनी फोनवर सांगितले होते. मी साडेतेराच आणले. उरलेल्या पैशांत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक कवितासंग्रह घेतला.

काम दिसते तितके सोपे नाही. जुने रबर काढायचे, वाळलेले सोल्यूशन ब्लेडने खरवडायचे, गंज घासून प्राइमर लावायचा. मग पत्र्याला आणि रबराला सोल्यूशन लावून ते किंचित सुकू द्यायचे आणि रबर अंगठ्याने दाबत जायचे. "वढू नगंस," आबा म्हणाले, "वढल्यालं रबर माघारी जातंय." शेवटी दारात कागद धरून दार लावायचे, कागद सहज निघाला तर तेथून पाणी येणार.

चौथे दार मी एकट्याने केले. रबर हातभर कमी पडले. मी ते ताणून जुळवले. कागद घट्ट बसला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हेडमास्तर गाडी घेऊन आले. रबर आखडून कोपऱ्यात फट पडली होती, मॅट भिजली होती. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. "माप माझं चुकलं, सर," ते म्हणाले आणि पदरच्या पैशांनी रबर आणून पुन्हा बसवले. मी शेजारी ब्लेड घेऊन उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही.

रात्री जेवताना मी सारे सांगितले. आबा थोडा वेळ भाकरी मोडत राहिले.

"पुस्तक वाचलंस का?"

"वाचलं."

"मग ऱ्हाऊ दे. पर सरांना तू सोता जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सांगलीची एस. टी. धरण्याआधी मी हेडमास्तरांच्या घराची पायरी चढलो.