घरची काडतुसे

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘घरी केले की स्वस्त पडते’ या वाक्याला आधार मागण्याची पद्धत नाही. पापड, कुरडया, शिकेकाई, मुलांचे स्वेटर, फार काय दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा या एका वाक्याच्या बळावर वर्षानुवर्षे घरी होत आला. चकली बाजारात काय भावाने मिळते आणि घरी काय भावाने पडते, हा हिशेब मांडायला बसलेला नवरा त्या दिवशी चकलीलाच मुकतो. मी ३४ वर्षे एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत काढली. पण स्वयंपाकघराची तपासणी करण्याचे धाडस मला कधी झाले नाही. ती पाळी आली घरापासून आठ हजार मैलांवर, आणि तीही चकलीच्या नव्हे, तर बंदुकीच्या काडतुसांच्या बाबतीत!

आमची धाकटी मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असते. जावई तिकडचेच. २०२४ च्या शरद ऋतूत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा व्याह्यांनी आग्रहाने आठवडाभर आपल्या घरी नेले. व्याही निवृत्त शाळामास्तर. उंच, शांत, आणि दर रविवारी बंदूक घेऊन मैदानावर जाणारे. शिकारीला नव्हे. तिथे एका यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि त्या छर्‍यांनी फोडायच्या असतात. एका डावात तबकड्या २५, आणि काडतुसांच्या एका पेटीतही २५. म्हणजे एक डाव, एक पेटी.

ही काडतुसे ते विकत आणीत नसत. तळघरात दोन यंत्रे मांडून स्वतः भरीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक म्हटली की परवाना आणि काडतूस म्हटले की नोंद, अशी सवय. तिकडे हा उद्योग हजारो घरांच्या तळघरांतून चालतो. व्याह्यांची यंत्रे तर त्यांच्याच राज्यातल्या मेव्हिल गावच्या कारखान्यात झालेली. त्यांचा त्यांना आपल्या गावच्या पितळी भांड्यांइतका अभिमान.

पण त्या वर्षी एक अडचण उभी राहिली होती. दोघांचीही सत्तरी उलटलेली. मोठे घर विकून दोन खोल्यांच्या जागेत जायचे ठरले होते. तिथे तळघर नव्हते. काय न्यायचे आणि काय विकायचे, याच्या याद्या चालू होत्या. तिसर्‍या दिवशी जेवताना विहीणबाई मला म्हणाल्या, “तुम्ही हिशेबातले माणूस. या यंत्रांनी आमचे पैसे वाचतात, हे मी बारा वर्षे ऐकते आहे. ते वाचलेले पैसे मला एकदा डोळ्यांनी पाहायचे आहेत!”

व्याही काही बोलले नाहीत. उठून तळघरात गेले आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या पावत्या आणि तीन वह्या आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. “निकाल तुम्ही द्या. आम्हा दोघांना मान्य.”

रात्री आमची ही मला हळूच म्हणाली, “नसत्या भानगडीत पडू नका हं. मुलगी दिली आहे आपण या घरात.” तिचे म्हणणे खरे होते. पण समोर वह्या उघड्या पडल्या असताना स्वस्थ झोपणारा लेखापाल अजून जन्माला यायचा आहे.

दुसर्‍या दिवशी मी आधी काम पाहिले. वापरलेल्या काडतुसाची पुंगळी प्लास्टिकची असते. प्लास्टिकची पुंगळी १९६० पासून बाजारात आली; त्याआधी कागदाची असे. दिवाळीच्या दुसर्‍या दिवशी पहाटे मुले न उडालेल्या लवंग्या वेचतात, तशा व्याही मैदानावर वाकून वाकून या पुंगळ्या वेचतात. तोंडाशी चिरली नसेल तर एक पुंगळी पुष्कळदा भरता येते. तिच्या बुडाची जळालेली टोपी काढून नवी बसवायची, मग मापाने दारू, तिच्यावर प्लास्टिकची वाटी, वाटीत शिशाचे छर्रे आणि शेवटी तोंड दुमडून बंद. ती दुमड पाहून आमची ही चटकन म्हणाली, “अगं बाई, हे तर मोदकाच्या कळ्यांसारखेच!” खरोखरच सहा किंवा आठ कळ्यांचे ते तोंड असते.

मात्र मोदकात सारण कमीजास्त झाले तर चालते, इथे चालत नाही. दारू दुप्पट पडली तर नळी फुटायची. अजिबात पडली नाही तर वाटी नळीतच अडकून राहायची आणि पुढच्या बाराला तोच अनर्थ. म्हणून छापील कोष्टकात दिलेली टोपी, दिलेली वाटी आणि दिलेलेच वजन. ‘हे नाही तर ते’ हा गृहिणीचा मंत्र तिथे बंद. भरताना व्याही रेडिओ लावीत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत आणि काम संपले की शिशाचे हात साबणाने धुतल्याखेरीज पाण्याच्या पेल्यालाही शिवत नाहीत.

आता आकडे. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा अर्थ असा, की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक त्या नळीत नेमकी बसते. २८ बोअर म्हणजे पौंडात २८ गोळ्या. अर्थात नळी लहान. दारू मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या गुंजेचा पाश्चात्त्य भाऊबंद. पौंडात असे ७००० ग्रेन.

बारा बोअरच्या काडतुसात व्याही सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे १⅛ औंस छर्रे घालीत. २५ पौंडांच्या पिशवीत ४०० औंस. तेव्हा एका पिशवीत ३५५ काडतुसे. पिशवीची पावती ५० डॉलरची, म्हणजे प्रत्येकी १४ सेंट. दारू १८ ग्रेन. २८ डॉलरच्या पौंडात ३८८ काडतुसे, म्हणजे ७ सेंट. हजार टोप्या ८० डॉलरला, म्हणजे ८ सेंट. वाटी ३ सेंट. पुंगळी वेचलेली, फुकट. एकूण ३२ सेंट. पंचवीसांची पेटी पडली ८ डॉलरला. तशीच साधी पेटी, दहा एकदम घेतल्या तर, दुकानात ९ डॉलरला मिळत होती!

पेटीमागे एक डॉलर. तासाभरात व्याह्यांच्या चार पेट्या होतात, म्हणजे तासाची कमाई ४ डॉलर. विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने ठरलेली किमान मजुरी ताशी सव्वासात डॉलर आहे. म्हणजे आमचे मास्तर स्वतःच्या तळघरात स्वतःला किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवीत होते. यंत्र पडले होते २५० डॉलरला. ते वसूल व्हायलाच २५० पेट्या, म्हणजे सव्वासहा हजार बार उडवायला हवे.

याहून गमतीची गोष्ट वहीत होती. यंत्र येण्यापूर्वी मास्तर वर्षाला ४० पेट्या उडवीत. यंत्र आल्यावर ११०! सगळे आजच्या भावाने धरले, तर पूर्वीचा खर्च ३६० डॉलर आणि आताचा ८८०. वर्षाला ११० डॉलर वाचले हेही खरे, आणि ५२० जास्त गेले हेही खरे. विहीणबाईंना वाचलेले पैसे बारा वर्षे का दिसले नाहीत, याचे उत्तर सापडले. ते आकाशात उडून गेले होते.

निकाल सोपा होता. मी दुसरे यंत्र केवळ कर्तव्य म्हणून तपासायला घेतले. ते २८ बोअरचे. त्यात छर्रे पाऊणच औंस; दारूही कमी. हिशेबाने एक काडतूस २६ सेंटला, पेटी साडेसहा डॉलरला. दुकानात हीच पेटी १६ डॉलर! शिसे कमी असूनही महाग, कारण गिर्‍हाईक थोडे आणि माल थोडा. पेटीमागे साडेनऊ डॉलर, तासाला ३८. इथे मात्र घरचे ते खरोखरीच स्वस्त होते.

पण त्या वहीत एक चमत्कारिक गोष्ट होती. आवक रकान्यात सहा वर्षांच्या नोंदी होत्या. जावक रकाना कोरा. फळीवर जाऊन मोजले. ६२ पेट्या, वहीत लिहिल्याप्रमाणे बरोबर ६२. एकही उघडलेली नाही. मी व्याह्यांना विचारले, “ही कोणासाठी?”

त्यांनी बराच वेळ टोप्यांच्या डब्याचे झाकण लावले. मग म्हणाले, “तिची बंदूक अठ्ठावीसची आहे. बाराचा धक्का तिच्या खांद्याला सोसत नाही. पूर्वी आम्ही दोघे मिळून जात असू. मग या काडतुसांचे भाव चढले, आणि मुलांच्या कॉलेजाचे दिवस. तिने एकदा जायचे सोडले ते सोडलेच. म्हटले, भरून ठेवावी. कधी तिच्या मनात आले, तर महाग म्हणून अडायला नको.”

“हे तुम्ही त्यांना सांगितलेत?”

“तिने विचारले नाही,” मास्तर म्हणाले.

माणसे आठ हजार मैलांवरची असली, तरी नवरे इथूनतिथून सारखेच.

त्या संध्याकाळी मी निकाल वाचून दाखवला. लेखी, दोन कलमांत. कलम पहिले : बारा बोअरच्या यंत्राने पैसे वाचत नाहीत, ते विकावे, आणि रविवारच्या पेट्या दुकानातून आणाव्या. कलम दुसरे : अठ्ठावीसच्या यंत्राने पैसे वाचतात, ते नव्या घरी न्यावे. त्याला टेबलाचा एक कोपरा पुरतो. “मात्र,” मी म्हणालो, “बचत ही वस्तू वापरल्यावर होते, फळीवर होत नाही. ६२ पेट्या आजपर्यंत बचत नसून नुसता खर्च आहे, ४०३ डॉलरचा. त्या उडवल्या, तरच दुकानाच्या भावाने ५८९ डॉलर वाचतील. आणि त्या उडवू शकणारी बंदूक या घरात एकच आहे.”

विहीणबाईंनी ती वही मागून घेतली. आवक रकान्यावरून त्यांचे बोट तारखातारखांनी खाली उतरत गेले. पहिली नोंद त्यांच्या वाढदिवसाच्या आठवड्यातली होती, हे मला त्यांच्याकडूनच कळले. नवर्‍याकडे न पाहता त्या एवढेच म्हणाल्या, “मला विचारायचे तरी!” आमच्या हिने त्याच क्षणी चहाचे निमित्त काढून मला स्वयंपाकघरात ओढले. हिशेबनीस कुठे थांबावा, हे तिला माझ्यापेक्षा नेहमीच चांगले कळते.

आम्ही परत आल्यावर महिन्याभराने मुलीचा फोन आला. घर बदलून झाले होते. बारा बोअरचे यंत्र गावातल्या एका तरुणाने नेले. तोही आता आपल्या बायकोला, यामुळे पैसे वाचतात, असे सांगत असेल. आणि त्या रविवारी मैदानावर दोघे गेले होते. विहीणबाईंनी पंचवीसांपैकी नऊ तबकड्या फोडल्या, आणि उरलेल्या सोळांचा दोष काडतुसे भरणाराला दिला.

फोनबरोबर वहीच्या त्या पानाचा फोटोही आला होता. जावक रकान्यात, मास्तरांच्या टपोर्‍या अक्षरात नव्हे, तर बारीक तिरप्या अक्षरात पहिली नोंद होती : पेटी १.