बदनापूरचा शेगडा

वीकएंड म्हटला की आपली गाडी आपोआप लोणावळ्याकडे वळते. फारच हटके म्हणजे भंडारदरा. बदनापूरला कोण जातं? छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव बहुतेकांनी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. निजामाच्या काळातल्या रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे, पण वंदे भारत इथे थांबत नाही. मात्र तुमच्या घरी तूरडाळ शिजत असेल, तर बदनापूर तुमच्या ताटापर्यंत कदाचित आधीच पोचलंय. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या तुरीच्या वाणांच्या नावात ‘बीडीएन’ असतं, बीडीएन ७११ वगैरे. ते बीडीएन म्हणजेच बदनापूर.

आम्ही गेलो होतो एका शेगड्यासाठी. शेगडा म्हणजे बेंच व्हाइस. हा झकास मराठी शब्द आता पुस्तकातच उरलाय. गॅरेजात सगळे ‘वाईस’च म्हणतात. मित्राच्या मामांचं इथे रिपेअरिंगचं शेड होतं. पंपसेट, ऑइल इंजिनं, पेरणीच्या तिफणी, सगळं त्या एका लोखंडी जबड्यात धरून दुरुस्त व्हायचं. आता मामांनी सत्तरी ओलांडलीय, शेड बंद आहे आणि घरच्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडलाय. सोमवारी तो टेम्पो घेऊन येणार. वीसेक किलोमीटरवर जालना, तिथल्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि रोलिंग मिल सळया काढतात. म्हणजे सोमवारी टेम्पोत चढलेला शेगडा काही दिवसांत कुठल्या तरी टॉवरच्या स्लॅबमध्ये! गंमत म्हणजे मामांच्या वडिलांनी तो जालन्याच्याच भंगारातून उचलून आणला होता.

मित्राला तो पुण्याच्या बाल्कनीतल्या वर्कशॉपसाठी हवा होता. मामांची अट एकच. “चिरला असंल तर न्यायचा नाही. बिडाचं काम हाय ते. दाबात फुटलं तर बोटं घेऊन जातंय.”

शुक्रवारी रात्री स्क्रूवर रॉकेल ओतून झोपलो. सकाळी दांडा हलला. उलटा फिरवत राहिलं की स्क्रू नटातून सुटतो आणि पुढचा जबडा अख्खा बाहेर सरकतो. आतल्या चौकोनी आट्यांत गोठलेलं ग्रीस इतकं घट्ट, की खिळ्याने खरवडावं लागलं. पण आटे शाबूत होते, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

गंजाचा फंडा मात्र भारी आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि गाडीचा बॅटरी चार्जर. शेगडा निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा टाकाऊ पत्रा पॉझिटिव्हला. (स्टेनलेस स्टील अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे अंगणातच करा, हायड्रोजन निघतो.) रात्रभरात गंजाची काळी साय होते, ब्रशने निघून जाते. रविवारी सकाळी त्या सायीखालून अक्षरं वर आली: ‘रेकॉर्ड’, शेफील्ड. सी. अँड जे. हॅम्प्टन या इंग्लिश कंपनीचा हा ब्रँड. मामा आयुष्यभर त्यावर काम करत होते आणि हे नाव त्यांनी पहिल्यांदाच वाचलं!

मग खरी परीक्षा. मामांनी सगळीकडे रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही तिघं चहा न पिता बघत बसलो. रेघ उमटली. जबड्याला नाही, खालच्या बैठकीला. बोल्टच्या एका कानाशी.

मित्र वेल्डिंगवाल्याला फोन लावणार, तोच मामांनी थांबवलं. बीड नीट तापवल्याशिवाय जोडलं तर जोडाशेजारी नवी चीर पडते. बाकीच्या कानांवर भार पेलेल, हा कान तसाच राहू दे, असं त्यांचं मत. मला ते पटलं. रेड ऑक्साइडचा हात दिला, वर शेडमध्ये उरलेला ट्रॅक्टरचा निळा. सरकणारा भाग आणि जबड्यांच्या पट्ट्या कोऱ्याच ठेवल्या, तिथे रंग लावणं म्हणजे निव्वळ हौस.

सोमवारी टेम्पो आला. पत्रे, पुल्या, एक फुटका पंप घेऊन गेला. निळा शेगडा आम्ही दोघांनी उचलून डिकीत ठेवला, तेव्हा लक्षात आलं की दांडा जागेवर नाही. एका टोकाची गोळी काढून मामांनी तो काढून घेतला होता.

“दिवाळीला ये,” ते भाच्याला म्हणाले, “तवा देतो.”