बंद पडलेल्या नासमधून डेटा बाहेर काढताना

नास ही घरच्या नेटवर्कला जोडलेली, पोटात एक-दोन हार्ड डिस्क बाळगणारी पेटी. बाहेरून ती नुसती डिस्क वाटली तरी आत पूर्ण संगणक असतो: प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बहुधा लिनक्स. त्यामुळे ‘नास गेली’ हे निदान अपुरे ठरते. अ‍ॅडॉप्टर, मुख्य बोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क यांपैकी काय गेले, हे आधी ठरवावे लागते. यांतले पहिले तीन गेले, तरी डेटा सहसा जागच्या जागी असतो.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी अशी एक पेटी होती. तिच्यात प्रत्येकी २ टीबीच्या दोन डिस्क होत्या आणि पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर होता. घरादाराचे फोटो, जमिनीच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या, असा ऐवज तिच्यात साठला होता. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी वीज अनेकदा गेली-आली. त्यानंतर पेटीचा दिवा लागत असे, पण नेटवर्कवर ती दिसत नसे.

पेटीतल्या दोन्ही डिस्क रेड १ पद्धतीने जोडलेल्या होत्या, म्हणजे एकीवर लिहिलेले सगळे दुसरीवरही लिहिले जाई. रेड हे नाव १९८८ सालच्या एका शोधनिबंधाने रूढ केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कात्झ हे त्याचे लेखक. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्यात आणि एखादी बिघडली तरी काम थांबू नये, असा त्यांचा विचार होता. चुकून पुसलेली फाइल मात्र रेड परत देत नाही. तो पुसण्याचा हुकूमही दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने पाळतो.

तपासाची सुरुवात सर्वांत स्वस्त वस्तूपासून करावी. अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर फुगले की मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसतात, पण डिस्क फिरू लागून भार पडताच व्होल्टेज खाली येते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानातून तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणून लावल्यावर डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला. पेटी मात्र सुरू झाली नाही. म्हणजे दोष बोर्डात किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होता. अशा वेळी मागच्या बाजूचे रिसेटचे बारीक छिद्र फार खुणावते. काही पेट्यांत ते फक्त पासवर्ड पुसते, काहींत सगळेच. कोणत्या पेटीत काय होईल याची खात्री नसताना त्यात टाचणी घालू नये. येथे ती घातली नाही.

डिस्क बाहेर काढण्यापूर्वी कोणती कोणत्या खणात होती, याच्या चिठ्ठ्या त्यांवर चिकटवल्या. काही बाह्य डिस्कपेट्यांत यूएसबीच्या छोट्या बोर्डावरच कूटबद्धीकरण होते. तशी पेटी असेल, तर डिस्क काढून थेट वाचल्यास नुसता कचरा दिसतो. या पेटीत तसे नव्हते. डिस्क जोडताना यूएसबी डॉकऐवजी संगणकाचा सॅटा पोर्ट वापरला. काही डॉक ५१२ बाइटचे सेक्टर ४,०९६ बाइटचे असल्याचे भासवतात, मग पार्टिशनचा तक्ताच वाचता येत नाही आणि धडधाकट डिस्क रिकामी वाटू लागते. विंडोजला जोडली तर ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा सौजन्यपूर्ण प्रश्न समोर येतो. कारण लिनक्सची फाइल व्यवस्था विंडोजला ओळखू येत नाही. म्हणून काम पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवर केले. डिस्क आपोआप माउंट होण्याची सोय आधी बंद केली आणि दोन्ही डिस्क केवळ वाचनासाठी अशा बांधून टाकल्या.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यातल्या दोन ओळी पाहण्याजोग्या असतात. पाचव्या क्रमांकाची ओळ बदली केलेल्या सेक्टरांची, तर १९७ क्रमांकाची वाचता न आल्याने निर्णयासाठी खोळंबलेल्या सेक्टरांची. एका डिस्कवर दोन्ही ठिकाणी शून्य होते. दुसरीवर खोळंबलेल्या सेक्टरांची संख्या मोठी होती. टकटक असा आवाज मात्र कोणतीच करत नव्हती. तो आवाज आला, तर डिस्कचे डोके बिघडलेले असते आणि घरातले काम तिथेच थांबवावे. स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेला पर्याय उरत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून सांगितला जातो. त्याने आत दव धरते, एवढेच.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत, जिला इमेज म्हणतात. दोन इमेजना मिळून ४ टीबी आणि बाहेर काढलेल्या फाइलींना वेगळी जागा लागणार, म्हणून ८ टीबीची नवी डिस्क घेतली. प्रतीसाठी अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरला. साधी कॉपी पहिल्या वाईट सेक्टरशी अडून बसते. डीडीरेस्क्यू परीक्षेतल्या हुशार मुलासारखा सोपे प्रश्न आधी सोडवतो: जेवढे सहज वाचता येते तेवढे उचलतो आणि अवघड जागांच्या कडा मागाहून कुरतडत जातो. काय वाचले आणि काय राहिले याचा नकाशा तो एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होते. सेकंदाला १०० एमबी या वेगाने २ टीबीला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. निरोगी डिस्कचे काम एका रात्रीत उरकले. आजारी डिस्कने पहिला मोठा भाग तसाच झपाट्याने दिला आणि उरलेल्या किरकोळ भागासाठी रात्रीमागून रात्री खाल्ल्या. त्या काळात डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर पंखा रोखून ठेवला होता.

इमेज हाती आल्यावर एमडीएडीएम या साधनाने रेडची नोंद तपासली. प्रत्येक डिस्कवर शेवटच्या बदलाची वेळ आणि घडामोडींचा एक चढता आकडा असतो. इथे खरा पेच उघड झाला. निरोगी डिस्क मागच्या दिवाळीच्या सुमारासच जोडीतून बाहेर पडली होती. तेव्हापासून पेटी एकट्या आजारी डिस्कवर चालत होती. म्हणजे जी धड होती ती शिळी, आणि जी ताजी होती ती नासलेली. निरोगी डिस्क जोडीतून का पडावी, हा प्रश्न साहजिक आहे. सैल कनेक्टर किंवा क्षणभर कमी पडलेले व्होल्टेज एवढे कारण पुरते. अशी सूचना पेटी दिव्याचा रंग बदलून देते, पण कपाटावर ठेवलेल्या पेटीचा दिवा कोण पाहतो?

दोन्ही डिस्क पेटीत बसवून जोडी पुन्हा जुळवली असती, तर यंत्रणेने चढत्या आकड्याची डिस्क खरी मानून तिच्यातला मजकूर दुसरीवर उतरवला असता. निरोगी डिस्कवरचे जुने, अखंड फोटो त्यात पुसले गेले असते. म्हणून दोन इमेज शेवटपर्यंत वेगळ्याच ठेवल्या. आजारी इमेजमधली भोके निरोगी इमेजमधून थेट बुजवण्याचा मोहही टाळला. मधल्या महिन्यांत एकाच जागी वेगळी फाइल लिहिली गेलेली असू शकते.

आजारी इमेज माउंट करताना लिनक्सने सुपरब्लॉक, म्हणजे फाइल व्यवस्थेची मूळ नोंद, सदोष असल्याचा निरोप दिला. निरोगी इमेजनेही अगदी तोच निरोप दिला. दोन डिस्क एकाच जागी एकाच तऱ्हेने बिघडणे जवळपास अशक्य, तेव्हा दोष डिस्कचा नव्हता. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदीत कारण स्पष्ट होते: ब्लॉकचा आकार ६५,५३६ बाइट. ईएक्सटी४ फाइल व्यवस्थेत ब्लॉक सामान्यतः ४ केबीचा असतो, पण ६४ केबीपर्यंत चालतो. पेटीच्या पॉवरपीसी प्रोसेसरवरचा कर्नल मेमरीची पाने ६४ केबीची ठेवत होता, म्हणून तिथे एवढा ब्लॉक चाले. घरगुती पीसीवर पान ४ केबीचे, आणि पानापेक्षा मोठा ब्लॉक तिथला ईएक्सटी४ चालक वर्षानुवर्षे नाकारत असे. इथे अनेकांचा डेटा हकनाक जातो. सदोष सुपरब्लॉक म्हटल्यावर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला जातो आणि राखीव सुपरब्लॉक ३२,७६८ या ब्लॉकवर असल्याची पाठ केलेली माहिती त्याला पुरवली जाते. तो आकडा ४ केबीच्या ब्लॉकसाठी आहे. ६४ केबीच्या ब्लॉकला पहिला राखीव सुपरब्लॉक ६५,५२८ वर सापडतो. आणि मुळात दुरुस्त करण्याजोगे काही नसते.

यावर उपाय म्हणजे कर्नलला वळसा घालणे. डीबगएफएस हे साधन फाइल व्यवस्था स्वतःच वाचते, कर्नलच्या पानांशी त्याला देणेघेणे नाही. शिवाय मुद्दाम सांगितल्याखेरीज ते डिस्कवर काही लिहीत नाही. त्यातल्या आरडम्प या आज्ञेने अख्खा फोल्डर आतल्या फोल्डरांसह बाहेर येतो. ही आज्ञा प्रगती दाखवत नाही आणि मध्ये तुटली तर पहिल्यापासून सुरू करावी लागते, म्हणून वर्षवार एकेक फोल्डर काढला. ईएक्सटी४ला फाइलीचे नाव म्हणजे केवळ बाइटांची ओळ, लिपी कोणतीही असो. त्यामुळे ओव्यांच्या फाइलींची लांबलचक देवनागरी नावे तशीच्या तशी आली. फाइल व्यवस्थाच उद्ध्वस्त असती, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक वापरावा लागला असता. तो फाइलींच्या सुरुवातीच्या खुणांवरून त्या हुडकतो, पण नावे आणि फोल्डर गमावतो.

आता ताज्या इमेजमधल्या कोणत्या फाइलींत भोके आहेत, हे शोधायचे होते. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये शून्ये असतात आणि शून्ये निरोगी फाइलीतही असू शकतात. डीडीरेस्क्यू नकाशा पाहून तेवढ्याच जागा ठरावीक शब्दाने भरू शकतो. इमेजच्या दुसऱ्या प्रतीत तसे करून सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला की जखमी फाइलींची यादी मिळते. यादीतल्या दिवाळीपूर्वीच्या फाइली शिळ्या इमेजमधून अखंड घेतल्या.

दिवाळीनंतरच्या जखमी फाइलींचे नशीब त्यांच्या प्रकारावर ठरले. जेपीईजी फोटो भोकापाशी येऊन खाली राखाडी होतो. एमपी४ व्हिडिओची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी असते. भोक तिथे पडले, तर बाकीची सगळी फाइल शाबूत असूनही ती चालत नाही. ध्वनिमुद्रणाच्या डब्ल्यूएव्ही फाइली सर्वांत सोशिक निघाल्या. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ ध्वनीला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, तेव्हा ४,०९६ बाइटचे भोक म्हणजे जेमतेम २३ मिलिसेकंदांची शांतता. ओव्या शून्ये असलेल्या प्रतीतूनच घेतल्या, कारण शब्दाने भरलेल्या प्रतीत त्याच जागी खरखर ऐकू येते.

काही व्हिडिओ मिळाले नाहीत; त्यांतले थोडे नातेवाइकांच्या फोनवर सापडले. जमिनीचे स्कॅन सगळे उघडले. बाहेर आलेल्या फाइलींच्या पडताळणी-बेरजा शा-२५६ पद्धतीने काढून, फाइली दुसऱ्या एका डिस्कवरही उतरवून बेरजा जुळवल्या. दोन्ही इमेज आणि नकाशांच्या फाइली ८ टीबीच्या डिस्कवर तशाच ठेवल्या आहेत. जुन्या दोन डिस्क चिठ्ठ्यांसह अँटिस्टॅटिक पिशव्यांत आहेत, आणि पेटी ई-कचऱ्यात गेली.