नौकेच्या कुड्या

घर विकत घेणारा माणूस खोल्या मोजतो. नौका विकत घेणाऱ्यानं भोकं मोजावीत, असं माझं मत आहे. विकणारा शिडं दाखवतो, डोलकाठी दाखवतो, गाद्यांचे नवे अभ्रे तर हटकून दाखवतो; पण तिच्या अंगाला किती भोकं आहेत आणि ती कशानं बुजवली आहेत, हे आपण होऊन कुणी सांगत नाही.

आमच्या ‘टिटवी’ला बारा भोकं होती. आता अकरा आहेत. उणे झालेल्या एकाची हकीकत पुढं येईलच. टिटवी म्हणजे १९८४ साली बांधलेली, तीस फुटांची, फायबरग्लासची शिडाची नौका. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावी, चेसापीक उपसागराच्या निमखाऱ्या पाण्यात ती धक्क्याला बांधलेली असते. नाव बायकोनं ठेवलं. अंडी नेली म्हणून समुद्राशी वैर मांडणारी पंचतंत्रातली टिटवी तिला फार जवळची वाटते. समुद्राशी तिचं स्वतःचंही फारसं सख्य नाही.

माझा जन्म मालवणचा. लहानपणी मी ज्या लाकडी होडीतून हिंडलो तिच्या अंगाला मुद्दाम पाडलेलं एकही भोक नव्हतं. सांध्यांतून पाणी यायचं, ते डब्यानं उपसायचं, हा सरळ व्यवहार. पण नौकेत माणसाला घर हवं झालं आणि घराबरोबर मोरी आली. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घ्यायचं, संडासासाठी एक नळी आत यायची, एक बाहेर जायची. भांडी घासायचं पाणी, तोंड धुतलेलं पाणी. ही झाली पाण्याखालची पाच. पाणरेषेच्या वर आणखी सात: तळाशी साचलेलं पाणी फेकणाऱ्या दोन पंपांची, सुकाणूपाशी बसायच्या खळग्यातलं पाणी वाहून नेणारी दोन, नांगराच्या कप्प्याचं एक आणि गॅसच्या नळकांड्याच्या कप्प्याचं एक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली जाऊन बसतो, म्हणून त्याला थेट बाहेरची वाट ठेवावी लागते. सातवं भोक न्हाणीचं.

प्रत्येक भोकात एक जोड बसवलेला असतो. बाहेर चपटं फूल, मधून आट्यांची पोकळ दांडी, आतून घट्ट बसणारी चाकी. इंग्रजीत त्याला ‘थ्रू-हल’ म्हणतात. बायकोनं तो पहिल्यांदा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “अहो, ही तर कुडी. ही बघा फिरकी.” तेव्हापासून आमच्या घरात त्यांना कुड्या हेच नाव पडलं. थ्रू-हलपेक्षा ते मला अधिक नेमकं वाटतं.

पाण्याखालच्या पाचही कुड्या ब्राँझच्या, म्हणजे दिवाळीत पायाला तेल चोळायची वाटी ज्या काशाची असते त्याच्याच कुळातल्या. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्यांच्या आतल्या झडपेवर पाचशे पौंडांचा भार अर्धा मिनिट टाकला तरी ती टिकली पाहिजे, असा ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’चा दंडक आहे. वरच्या सात कुड्या मात्र पांढऱ्या प्लास्टिकच्या. नौकेच्या रंगाला शोभतात, हा त्यांचा मुख्य गुण. तपासणीस येतो, खालच्या कुड्या ठोकून, खरवडून पाहतो आणि वरच्यांपुढं ‘जुन्या’ एवढा शब्द लिहून निघून जातो. वरचं ते वर, त्याला काय भीती, असा एकंदर समज.

पण नौकेच्या बाबतीत ‘वर’ हा शब्द फार सैल आहे. वाऱ्यानं नौका एका अंगावर कलली की त्या अंगाची पाणरेषेवरची कुडी तासन् तास पाण्याखाली असते. आणि धक्क्याला बांधलेली नौका तरी सुरक्षित असते म्हणावं, तर बहुतेक नौका बुडतात त्या धक्क्यालाच. बर्फ पडतं, मागच्या अंगावर साचतं, नौका त्या वजनानं दबते आणि पाण्याबाहेर वीतभर असलेलं भोक गुपचूप पाण्याखाली जातं. कुडी शाबूत असेल तर बहुधा निभावतं. तिचं फूल तुटून आतली नळी निसटलेली असेल, तर ज्या वाटेनं पंपानं पाणी बाहेर फेकायचं त्याच वाटेनं ते आत येऊ लागतं. भोकातून पाणी किती वेगानं येतं, याचं गणित टॉरिचेलीनं १६४४ साली मांडून ठेवलं आहे. दीड इंचाचं भोक पाण्याखाली एक फूट असलं तर, काठाचा अडथळा जमेस धरूनही, मिनिटाला शंभर लिटर. तासाला सहा टन. टिटवीचं स्वतःचं वजन पाच टन आहे.

हा हिशेब मी एवढ्यासाठी केला की टिटवी आता मुलीच्या नावावर व्हायची होती. मला चौऱ्याहत्तर पुरी झाली. येत्या जूनमध्ये ती, जावई आणि आठ वर्षांचा नातू चार दिवस उपसागरात दक्षिणेकडे जाणार, असा त्यांचा बेत ठरला होता. माझ्याशिवाय.

इथं दिवाळीच्या सुमारास नौका पाण्याबाहेर काढतात. पट्ट्यांच्या झोळीत घालून उचलायच्या आणि एप्रिलपर्यंत जमिनीवर टेकूंवर उभ्या करायच्या. चकल्या तळून झाल्या तशी मी मुलीला म्हटलं, “वरच्या साती कुड्या बदलू.”

“तपासणीसानं तर काही सांगितलं नाही, बाबा.”

“त्यानं अंगठा लावून पाहिला नाही. तू लाव.”

प्लास्टिकचा वैरी पाणी नव्हे, ऊन. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांबलचक साखळ्या तोडत जातात. आधी ते पिवळं पडतं, मग खडूसारखं होतं, आणि सरतेशेवटी फुलाच्या मानेपाशी केसाएवढ्या चिरा जातात. दांडी आतल्या अंधारात ठणठणीत असते, त्यामुळे आतून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. टिटवीचं नाळेकडचं टोक धक्क्याला पश्चिमेकडे असतं. म्हणजे डावं अंग दक्षिणेला, वर्षभर उन्हात. मुलीनं उजवीकडच्या कुडीवर बोट फिरवलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. डावीकडच्या पंपाच्या कुडीवर अंगठा दाबला आणि फुलाचा निम्मा भाग बिस्किटासारखा मोडून तिच्या हातात आला. ती काही बोलली नाही. तुकडा खिशात टाकून ती शिडीवरून उतरली आणि पाने आणायला गेली.

नव्या कुड्या कसल्या घ्यायच्या, यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पंपांच्या आणि खळग्याच्या चार ब्राँझच्या, नांगराची आणि गॅसची काचतंतू मिसळलेल्या काळ्या नायलॉनची, असं ठरलं. काळा रंग ऊन जास्त सोसतो. पितळेची घेऊ नये, एवढं मात्र मी बजावलं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त विरघळून जातं आणि गुलाबी, भुसभुशीत तांबं मागं राहतं. दुकानात दोन्ही सारखीच चकाकतात.

न्हाणीच्या कुडीपाशी येऊन ती थांबली. “या न्हाणीत कधी कुणी आंघोळ केली आहे?”

मी बायकोकडं पाहिलं. बायकोनं मान हलवली. “मग हे भोक हवंच कशाला?”

इतक्या वर्षांत माझ्या मनात भोक सांभाळण्याचाच विचार आला; ते नसावंच, हा विचार तिचा. पण बुजवणं हे नवी कुडी बसवण्यापेक्षा दसपट काम. नुसता बोळा घालून भागत नाही. कवचाच्या जाडीच्या बारापट अंतरापर्यंत चहूबाजूंनी उतार घासत न्यायचा आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून चढवायचे. दीड इंचाच्या भोकासाठी ताटाएवढी जागा खरवडावी लागली. ते सगळं तिनं एकटीनं केलं.

बाकीच्या सहांना दोन माणसं लागतात. बाहेरचं फूल यंत्रानं कापून टाकायचं, दांडी आत ढकलायची, भोकाची कड पुसून कोरडी करायची, चिकट लुकण लावून नवी कुडी घालायची. मग एकानं बाहेरून फूल फिरू न देता धरायचं आणि दुसऱ्यानं आतून फिरकी आवळायची. आत म्हणजे मागच्या बिछान्याखालच्या अंधारात पोटावर सरपटत जायचं. ते आता माझ्यानं होत नाही. मी बाहेर टेकूपाशी स्टुलावर. आमच्या दोघांच्या मधे बोटभरही जाडी नसलेली भिंत, पण शब्द नीट ऐकू येत नव्हते. मग आम्ही खुणा ठरवल्या. एक टकटक म्हणजे धरा, दोन म्हणजे थांबा. फुलाच्या कडेनं लुकण सारखं बाहेर आलं की मी दोन वेळा ठोके. फार आवळलं तर सगळं लुकण बाहेर येतं आणि सांध्यात काही उरत नाही. दुसऱ्या कुडीपासून तिचे थांबायचे ठोके माझ्या आधी येऊ लागले.

प्रत्येक कुडीपाशी एक निमुळतं लाकडी बूच दोरीनं बांधून ठेवायचं असतं. कुडी फुटलीच तर ठोकून बसवायला. ती सहाही बुचं नातवानं बांधली. गाठी मी तपासल्या नाहीत, त्याच्या आईनं तपासल्या.

एप्रिलमध्ये नौका पाण्यात सोडताना झोळी ढिली करण्यापूर्वी जरा थांबतात, तेवढ्यात आत उतरून पाहून घ्यायचं. पण त्यानं फक्त खालच्या कुड्यांची परीक्षा होते. वरच्यांवर बागेतला पाण्याचा पाइप धरावा लागतो. मी बाहेरून एकेकीवर पाच मिनिटं पाणी धरलं. ती आत कागदी रुमाल टेकवत होती. “कोरडी,” आतून आवाज आला. पुन्हा, “कोरडी.” पाच वेळा. सहावीला उशीर झाला.

“ही ओली आहे, बाबा.”

मी पाना घेऊन शिडीकडं निघालो. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तुम्ही फूल धरा. फिरकी मी बघते.”