डावपेचांच्या खेळासाठी कोणता संगणक घ्यावा?

विद्यार्थी मित्रांनो, दहावीचा निकाल लागला की राणीसावरगावात मला हमखास विचारलं जातं, "सर, 'एज ऑफ एम्पायर्स' नीट चालेल असा कम्प्युटर कोणता घेऊ?" पैसा वडिलांच्या कापसाचा असतो, म्हणून मी उत्तर जपून देतो.

या खेळात शेकडो सैनिक एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकाची वाट प्रोसेसर मोजत असतो. म्हणून आधी प्रोसेसर पाहा, मग १६ जीबी रॅम आणि एसएसडी. महागड्या ग्राफिक्स कार्डासाठी कर्ज काढू नका. दुकानदार रंगीत लाइटचा डबा दाखवेल. तुम्ही आत काय आहे ते विचारा. लाइट जाते, तेव्हा डेस्कटॉपसोबत यूपीएसचा खर्चही धरा.

एवढं बजेट नसेल तर? बुद्धिबळ हासुद्धा डावपेचांचाच खेळ. १९९७ साली कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला 'डीप ब्लू' हा महासंगणक बांधावा लागला. आज त्याहून सरस 'स्टॉकफिश' साध्या लॅपटॉपवर फुकट चालतं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तो याच चौसष्ट घरांवर.

तेव्हा मुलांनो, वडिलांना पावती दाखवताना मान खाली जाणार नाही, असंच यंत्र घ्या.