वकिलातीच्या दारी

माणगावहून निजामपूरकडे जाणारा रस्ता कोणाच्या विशेष लक्षात राहावा असा नाही. भातखाचरे, मधूनच एखादी वाडी, पावसाळ्यात दोन्ही अंगांनी चढणारे गवत. परंतु १६७४ सालच्या उन्हाळ्यात हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज मुंबईहून चौल, अष्टमी आणि निजामपूर या मार्गाने रायगडाकडे गेला, हे ठाऊक असलेल्या माणसास या रस्त्यावरून जाताना थोडे निराळे वाटते. नारायण शेणवी हा दुभाषी त्याच्याबरोबर होता. ६ जूनचा राज्याभिषेक ऑक्झिंडेनने पाहिला आणि त्याची हकीकत लिहून ठेवली, म्हणून इतिहासाची पुस्तके त्याची आठवण ठेवतात. तो मात्र सोहळा पाहण्यासाठी आला नव्हता. परक्या राजाच्या मुलखात व्यापार करणाऱ्या आपल्या माणसांचे काय, या प्रश्नाची तडजोड करण्यासाठी तो आला होता. अशा कामावर आलेल्या माणसास त्या काळच्या मराठीत ‘वकील’ म्हणत. पुढे तो शब्द कचेरीत शिरला आणि आमच्यासारख्या काळ्या कोटवाल्यांना चिकटला. परराष्ट्रातील कचेरीला मात्र आपण अजूनही ‘वकिलात’ म्हणतो. या दोन अर्थांमधील अंतर केवढे आहे, हे आम्हांस फार उशिरा, एका अशिलाच्या आईमुळे समजले. त्याकडे येऊच.

ऑक्झिंडेनच्या झोळीतील जुने दुखणे राजापूरचे होते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपली माणसे आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी पुढल्याच वर्षी राजापूर गाठले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांपैकी काहींचा मुक्काम महाडजवळच्या सोनगडावर होता, म्हणजे आमच्या माणगावपासून फार लांब नव्हे. तेथून त्यांनी सुरतेस पत्रांवर पत्रे धाडली. सुरतेच्या वरिष्ठांचे उत्तर वकिलीच्या कोणत्याही विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्याचा आशय असा : तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हांस पुरते ठाऊक आहे, कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडला गेला नाहीत, तर कंपनीचे निशाण लावून दुसऱ्याच्या लढाईत गोळे फेकायला गेलात. म्हणजे कंपनीने हात झटकले. कैद्यांची सुटका १६६३ साली झाली.

आम्हांस या प्रकरणात नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रेव्हिंग्टनचा न्याय करण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी सोनगडावर कोणताही संदेह नव्हता. मुलूख ज्याचा, न्याय त्याचा. इंग्रजांना जे काही मिळवायचे होते ते मागून, घासाघीस करूनच मिळवावे लागले. १६७४ च्या तहात राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन कबूल झाले, जकात अडीच टक्के ठरली; इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत आणि किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांवरील माल परत मिळावा या दोन मागण्यांवर वाटाघाटी बऱ्याच अडल्या. मागणारा खालच्या पायरीवर उभा होता, एवढे त्या बोलण्यांतून स्पष्ट दिसते.

पावणेदोनशे वर्षांत पायऱ्या बदलल्या. १८३९ साली मस्कत व झांजिबारचे सुलतान सय्यद सईद यांच्याशी इंग्रजांनी तह केला आणि ब्रिटिश प्रजाजनांचे आपसांतील तंटे सुलतानाच्या काजीपुढे न जाता ब्रिटिश कॉन्सलपुढे जातील असे ठरले. कॉन्सल या शब्दाचा आपला सरकारी प्रतिशब्द ‘वाणिज्य दूत’. दूत खरा, पण झांजिबारात तो न्यायाधीशही झाला. आणि ज्यांचा न्याय करायचा ते ब्रिटिश प्रजाजन बहुसंख्येने गोरे नव्हतेच. ते भाटिया, खोजा, बोहरा होते, कच्छ-काठियावाडचे होते. त्यांच्यासाठी हिंदुस्थानचे कायदे समुद्रापार नेण्यात आले आणि कॉन्सलच्या निकालावरील अपील मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे येऊ लागले. कायद्याच्या दृष्टीने झांजिबार हा जणू मुंबई इलाख्यातील एक जिल्हाच! आमच्यासारखाच कोणी मुंबईचा वकील लवंगांच्या सौद्यावरून उठलेल्या भांडणाचे कागद चाळीत बसला असेल, हे चित्र आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

मौज अर्थात कागदावर. १८५८ साली कॉन्सल म्हणून आलेल्या ख्रिस्तोफर रिग्बीने हिंदी व्यापाऱ्यांना बजावले की ब्रिटिश प्रजाजनास गुलाम बाळगता येत नाही. आणि त्याने काही हजार गुलाम मुक्त करविले. त्यासरशी अनेक व्यापाऱ्यांना आपण सुलतानाचे प्रजाजन असल्याचा साक्षात्कार झाला. कर्ज वसूल करायचे तर ब्रिटिश, गुलाम राखायचे तर अरब. पण त्यांना हसून भागत नाही, कारण प्रश्न खरोखरच अवघड होता. कच्छ हे संस्थान. तेथील रयत ही इंग्रजांची प्रजा की रावांची? अखेर १८६९ साली कच्छच्या रावांनी झांजिबारातील आपल्या रयतेवरील अधिकार इंग्रजांच्या हवाली केला. हजारो कोसांवरील एका दुकानदाराचा कायदा भूजच्या एका जाहीरनाम्याने ठरला. त्या दुकानदारास कोणी विचारले नव्हते, आणि ज्यांच्या गळ्यातील जोखड उतरले त्यांना तर कोणीच कधी विचारले नव्हते. कॉन्सलच्या न्यायालयाविषयी आमचे मत एकंदरीत वाईट आहे. जो आपल्या सरकारचा व्यापार वाढवायला बसला आहे त्यानेच न्यायनिवाडा करावा, हे कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात खपणार नाही. पण गुलामांच्या या एका प्रकरणात सुलतानाच्या काजीपेक्षा तो बरा ठरला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

हा कच्छचा घोळ आमच्या दाराशीही होता. आज माणगावहून म्हसळ्याची एसटी पकडली की आपण सीमा ओलांडतो असे कोणास वाटत नाही. परंतु १९४८ पूर्वी माणगाव ब्रिटिश कुलाबा जिल्ह्यात होते आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड हे जंजिऱ्याच्या नबाबाचे महाल. माणगावचा माणूस जन्मतः ब्रिटिश प्रजाजन. घाटी उतरून पलीकडे जन्मलेला त्याचा मामेभाऊ नबाबाची रयत, म्हणजे परदेशात ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. दोघे एकाच बोटीवर चढून पूर्व आफ्रिकेस गेले तर कागदावर दोन जातींचे. कॉन्सलच्या कचेरीत मात्र एकाच रांगेत.

आखातात ही रांग अधिक काळ टिकली. १९१३ च्या राजाज्ञेने बहरीनमध्ये आणि १९२५ च्या राजाज्ञेने कुवेतमध्ये ब्रिटिश पोलिटिकल एजंटास हा न्यायाधिकार मिळाला. विशेष हे की १९४७ नंतरही, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, भारतीय माणूस तेथे ब्रिटिश न्यायालयाच्याच कक्षेत राहिला. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत, बहरीन व कतारमध्ये १९७१ पर्यंत. घरी स्वराज्य येऊन दोन तपे उलटली तरी मनामातील आपल्या दुकानदाराचा न्यायाधीश इंग्रजच. ही व्यवस्था संपली ते योग्यच झाले. आता तेथेही मुलूख ज्याचा, न्याय त्याचा, सोनगडावर होता तसा.

त्या आईची गोष्ट अशी. गोरेगावकडच्या एका गावची ती बाई. तिचा मुलगा आखातातील एका देशात भागीदारीत गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवीत असे. भागीदाराने माल उचलला, चेकवर सही याची; चेक वटला नाही आणि हा कोठडीत. बाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, तिथं आपली वकिलात आहे म्हणतात. तिथं तुमच्यासारखीच मंडळी असणार ना? मग आपल्या पोराची केस त्यांच्याकडंच चालवा की.” आम्ही म्हटले, “मावशी, वकिलातीला निकाल देता येत नाही.” तिने बराच वेळ आमच्याकडे पाहिले. “मग ती आहे कशाला?”

या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमात आहे. पकडलेल्या परदेशी माणसास, तुझ्या वकिलातीस कळवण्याचा तुला हक्क आहे, असे विनाविलंब सांगितले पाहिजे. वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्याला भेटता, पत्र लिहिता, त्याच्यासाठी वकील मिळवून देता आले पाहिजे. बस्स. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचे ठरवले, फाशीचा फेरविचार करण्यास सांगितले. पण सुटकेचा आदेश दिला नाही. एवढ्या मोठ्या न्यायालयाकडून भारत जे मिळवू शकला ते प्रामुख्याने भेटीचा हक्क होता. ज्या घरात माणूस परतलेला नाही तेथे हा हक्क किती अपुरा वाटत असेल, हे आम्हांस कायद्याच्या पुस्तकातून कळले नसते.

आम्ही मावशींना हे सारे सांगितले नाही. अर्ज लिहिला : मुलाचे नाव, पासपोर्टचा क्रमांक, अटकेची तारीख, कोठडीचे ठिकाण जेवढे समजले तेवढे. बाराव्या दिवशी वकिलातीतील एक अधिकारी त्याला भेटून आला, स्थानिक वकिलांची यादी देऊन गेला आणि त्याने मुलाचे दोन मिनिटे घरी बोलणे करून दिले. पुढे दुकानातील हिस्सा विकून तडजोड झाली, त्यात वकिलातीचा काही हात नव्हता. मावशी मात्र आजही भेटल्या की त्या दोन मिनिटांविषयीच बोलतात. यादीतील वकिलाने किती पैसे घेतले याविषयी चकार शब्द काढीत नाहीत.